पोलिस दारात आले तर: काय विचारायचं, कुठे थांबायचं, काय लिहून घ्यायचं

पोलिस दारात उभे आहेत, हातात कागद नाही, आणि ‘बाजूला व्हा, घर बघायचंय’ म्हणताहेत. अशा वेळी त्यांना अडवता येतं का? तोंडाने आणि कागदावर येतं. हाताने, जवळजवळ कधीच नाही. हा ‘जवळजवळ’ कुठे संपतो आणि तोंडी हरकत कोर्टात उपयोगी पडावी म्हणून ती कशी घ्यायची, ते इथे सांगितलं आहे. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतले आहेत. झडती, अटक यांची पद्धत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, गुन्हे आणि शिक्षा भारतीय न्याय संहितेत. खाली नुसतं ‘सुरक्षा संहिता’ आणि ‘न्याय संहिता’ म्हटलं आहे.

आधी एक गैरसमज

‘वॉरंट नाही तर प्रवेश नाही’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरत असतं. ते अमेरिकी मालिकांतून आलंय, आपल्याकडे ते तसं चालत नाही. खुद्द अमेरिकेतही मामला सरळ नाही. इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं की पोलिसांचा प्रवेश बेकायदा असला तरी घरमालकाला बळाने प्रतिकार करता येणार नाही. त्यावर गदारोळ झाला आणि २०१२ मध्ये तिथल्या विधिमंडळाला कायदा बदलावा लागला.

आपल्याकडे वॉरंटशिवाय घरात शिरायचे दोन मोठे रस्ते पोलिसांना कायद्यानेच दिले आहेत.

पहिला अटकेचा. ज्याला पकडायचं तो या घरात आहे असं मानायला कारण असेल, आणि त्याला अटक करायचा अधिकार पोलिसांना असेल, तर सुरक्षा संहितेच्या कलम ४४ प्रमाणे घरात राहणाऱ्याने त्यांना आत येऊ द्यायचं असतं. दखलपात्र गुन्ह्यात अटकेला वॉरंट लागत नाही, म्हणून या प्रवेशालाही लागत नाही. दार उघडलं नाही तर तोडताही येतं. मात्र त्याआधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून दार उघडायची मागणी करावीच लागते. आत बाहेरच्यांसमोर न येणारी स्त्री असेल, आणि पकडायची व्यक्ती तीच नसेल, तर तिला बाजूला व्हायला सांगून तेवढा वेळ द्यावा लागतो. या कलमाखाली शोधायचा असतो तो माणूस. माणूस ड्रॉवरमध्ये मावत नाही. त्यामुळे अटकेच्या नावाखाली कागदपत्रांचे कप्पे उपसायला सुरुवात झाली, तर ‘ही आता झडती झाली, ती कोणत्या कलमाखाली?’ हे तिथेच विचारा.

दुसरा रस्ता झडतीचा, कलम १८५. ठाण्याचा प्रभारी किंवा तपासी अधिकारी गुन्ह्याच्या तपासासाठी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण अटी आहेत, आणि त्या मोडल्या की प्रवेशच बेकायदा ठरू शकतो. ती वस्तू इथे आहे असं मानायला वाजवी कारण हवं. वेळ न दवडता ती दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही असं त्याचं मत हवं. ही कारणं आणि शोधायची वस्तू, जमेल तितक्या नेमकेपणाने, झडतीआधी केस डायरीत, म्हणजे तपासाच्या नोंदवहीत, लिहिलेली हवी. स्वतः येणं शक्य नसेल तर तो दुय्यम अंमलदाराला पाठवू शकतो, पण लेखी आदेश देऊन, आणि त्या आदेशात जागा आणि वस्तू लिहून. म्हणजे नुसते दोन शिपाई आले आणि ‘साहेबांनी घर बघायला सांगितलंय’ म्हणाले तर ते पुरत नाही. झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे.

अदखलपात्र तक्रारीत, म्हणजे आपण जिला एनसी म्हणतो तिच्यात, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, मग कलम १८५ ची झडती कुठून येणार? सोसायटीतलं भांडण, भाडेकरूशी वाद, देण्याघेण्याची बाचाबाची यात ‘एनसी आहे, घर दाखवा’ म्हणत कोणी आलं तर नेमकं हेच विचारायचं.

अमली पदार्थांच्या प्रकरणात त्यांच्या स्वतंत्र कायद्याचं (एनडीपीएस) कलम ४२ वेगळं आहे. सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय प्रवेश आहे, रात्री शिरायचं तर तसं का करावं लागतंय ते आधी लिहून ठेवावं लागतं. इतर गुन्ह्यांत रात्रीच्या झडतीला सरसकट बंदी नाही. बंदी आहे ती सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्यावर. अपवादात्मक परिस्थितीत, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन, तेही महिला पोलिस अधिकाऱ्याकडूनच ती करता येते. हे दोन नियम लोक हमखास एकमेकांत मिसळतात.

दारात

साखळी किंवा जाळीचं दार असेल तर ते लावलेलंच ठेवून बोला. खात्री करेपर्यंत थांबणं म्हणजे अडथळा नव्हे, तोतया पोलिसांच्या काळात तर नव्हेच. आवाज खाली ठेवा आणि पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा:

‘साहेब, आपलं नाव आणि पोलिस ठाणं?’

‘गुन्हा रजिस्टर नंबर काय?’

‘अटकेसाठी आलात, झडतीसाठी, की चौकशीसाठी?’

‘वॉरंट किंवा लेखी आदेश असेल तर दाखवता?’

क्रमाला कारण आहे. नाव आणि ठाणं कळलं की घरातलं दुसरं माणूस ११२ वर किंवा ठाण्याच्या लँडलाइनवर विचारून खात्री करू शकतं. समोरच्याने दिलेल्या मोबाइलवर फोन करून केलेली खात्री कुचकामी. गुन्हा रजिस्टर नंबर सांगता आला नाही तर बहुतेक वेळा गुन्हाच दाखल नसतो. आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

उत्तर ‘साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे’ असं आलं तर ती ना अटक, ना झडती. चौकशीसाठी लेखी नोटीस मागा. आरोपी म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३), साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९. दुसऱ्या प्रकारात १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, कोणत्याही वयाच्या स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज कुठेही हजर राहायची सक्ती नाही. आजोबांना ठाण्यात नेऊन बसवणं या एका वाक्याने बऱ्याचदा थांबतं.

वॉरंट दाखवलं तर तीन गोष्टी बघा: पत्ता तुमचाच आहे का, कशाच्या शोधासाठी आहे, आणि कोर्टाची सही-शिक्का आहे का. शेजारच्या विंगचा फ्लॅट नंबर असेल तर तिथेच बोट ठेवून दाखवा. शक्य असेल तर फोटो काढा. वॉरंट बरोबर असेल तर कलम १०३ प्रमाणे आत येऊ देणं तुमचं कर्तव्य आहे, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही.

कागद नाही, कलम सांगत नाहीत, तरी आत येतातच म्हणतात. अशा वेळी हे वाक्य मोठ्याने, शक्य तर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून म्हणा:

‘माझी या झडतीला संमती नाही. माझी हरकत आहे. पण मी तुम्हाला अडवत नाही.’

यातला एकही भाग गाळू नका. पहिला भाग नसेल तर पुढे ‘घरमालकाने स्वखुशीने घर दाखवले’ असं पंचनाम्यात येतं. शेवटचा भाग नसेल तर ‘सरकारी कामात अडथळा’ येतो. आणि मग दारातून बाजूला व्हा. दार अंगाने रेटून धरणं, दंड पकडणं, कॉलरला हात घालणं, कुत्रा सोडणं यातली एकही गोष्ट हरकतीत मोडत नाही.

हात का उचलायचा नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण दोन्ही बाजूंचे निवाडे अर्धवट सांगितले जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या ‘राजस्थान राज्य विरुद्ध रहमान’ या १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात उत्पादन शुल्काचे अधिकारी तंबाखूच्या शोधात घरी गेले होते आणि घरमालकाने झडतीला विरोध केला. अधिकाऱ्याने कारणं आधी लिहून ठेवली नव्हती. कारणं नोंदवणं हा झडतीतला महत्त्वाचा टप्पा आहे, तो गाळला तर ती झडती कायद्याने दिलेलं कर्तव्य राहत नाही, म्हणून अडथळ्याचा गुन्हा टिकला नाही. पुढे ‘राधाकिशन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात न्यायालय म्हणालं की नियम मोडून झडती होत असेल तर तिला घरमालक कदाचित विरोध करू शकेल, आणि कोर्ट तो पुरावा जास्त बारकाईने तपासेल. पण याहून पुढे काही परिणाम होत नाही, जप्ती रद्द होत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही जून २०२५ मध्ये, पाळतीच्या नावाखाली मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या पोलिसांसोबत जायला नकार देणाऱ्या माणसावरचा गुन्हा रद्द केला. त्याचं मूळ ‘खरक सिंग’ निवाड्यात आहे. रात्री-बेरात्री घरी जाऊन तपासणी करण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम १९६२ मध्येच घटनाबाह्य ठरला होता.

हे वाचून छाती फुगायच्या आधी न्याय संहितेचं कलम ३७ वाचा, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ९९. लोकसेवक सद्भावनेने, आपल्या पदाच्या अधिकाराखाली काही करत असेल, आणि त्यातून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क मिळत नाही. दिल्लीचं ‘केशोराम’ प्रकरण, १९७४. दूध-कर थकला म्हणून महापालिकेचे लोक म्हैस जप्त करायला आले, मालकाने निरीक्षकाच्या नाकावर फटका मारला. मागणीची नोटीसच बजावली नव्हती, असा त्याचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. कारवाई सद्भावनेने चालली होती, तेवढं पुरलं.

बळाचा हक्क उरतो तो अगदी अरुंद जागी. समोरचा पोलिस आहे हे तुम्हाला माहीत नाही आणि तसं मानायला कारणही नाही. किंवा जीव जाईल, हाडं मोडतील अशी वाजवी भीती आहे. किंवा सद्भावनाच नाही, म्हणजे कोणा बिल्डरच्या सांगण्यावरून घर खाली करायला आलेत. तेव्हाही गरजेपुरतंच बळ वापरता येतं. आणि हे सगळं सिद्ध करायचं तुम्ही, कारण अपवादाचा फायदा मागणाऱ्यावरच त्याचा भार असतो. साध्या वेशातल्या पोलिसाने ओळखपत्र दाखवलं की पहिलं कारण संपलं.

व्यवहारात काय घडतं? ज्याला अजून सगळे ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणतात ते आता न्याय संहितेचं कलम १३२ आहे: लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर, २ वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. साधी दुखापत झाली तर कलम १२१ खाली ५ वर्षांपर्यंत. प्रवेश बेकायदा होता हे तुम्ही सिद्ध कराल, पण काही वर्षांनी, आणि मधल्या काळात जामीन, तारखा, पासपोर्टला आडकाठी. याउलट हात न लावता नोंदवलेली हरकत त्याच दिवशी कामाला लागते. म्हणून आमचा सल्ला ठाम आहे: रहमानचा निवाडा वकिलाच्या फाइलसाठी आहे, दारात वापरायसाठी नव्हे.

झडती चालू असताना

घरातल्या एका माणसाने पूर्ण वेळ झडती घेणाऱ्यांसोबत राहायचं. कलम १०३(६) प्रमाणे घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कोणालातरी हजर राहू द्यावंच लागतं. ‘सगळे हॉलमध्ये बसा’ म्हणाले तर या कलमाचं नाव घ्या. एकाच वेळी तीन खोल्या उघडू लागले तर ‘एकेक खोली घ्या, मला आणि पंचांना दिसलं पाहिजे’ म्हणा. झडत्यांतले बहुतेक वाद ‘ही वस्तू आमच्याकडची नाही’ याच मुद्द्यावर येतात, आणि ते जन्मतात तेव्हाच जेव्हा एका खोलीत पोलिस एकटा असतो.

पंच दोन किंवा अधिक, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित, त्याच भागातले हवेत. परिसरातला कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तरच बाहेरचा चालतो. पोलिसांच्या गाडीतूनच पंच उतरले तर त्यांची नावं-पत्ते विचारून लिहा आणि ‘शेजारचे अमुक तयार आहेत, त्यांना घ्या’ असं सांगा. शेजाऱ्यांना पंच व्हायची भीती वाटते. त्यांना इतकं कळवा की यादीवर सही केली म्हणून कोर्टाने समन्स काढल्याखेरीज कोर्टात जावं लागत नाही, आणि लेखी आदेश देऊनही विनाकारण नकार दिला तर तो गुन्हा होऊ शकतो.

सुरुवातीला पोलिसांनी आणि पंचांनी स्वतःची अंगझडती देण्याची पद्धत आहे. ती मागा. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीनेच, पूर्ण सभ्यता राखून घ्यायची. महिला पोलिस सोबत नसेल तर ती येईपर्यंत थांबायला सांगा.

चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे पंचनाम्याची यादी करून सह्या होईपर्यंत चालायला हवं. हल्ली ते ‘ई-साक्ष्य’ ॲपवर होतं. पोलिसांचा मोबाइल खिशात गेला तर ‘रेकॉर्डिंग बंद झालं का, साहेब?’ हे वेळेसकट बोला. तुमचं रेकॉर्डिंग चालू असेल तर ते वाक्यच पुरावा होतो. स्वतःच्या घरात रेकॉर्डिंगला बंदी करणारं कलम नाही. वर्ध्याच्या एका प्रकरणात तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिस ठाणंही शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही असं सांगत ठाण्यात व्हिडिओ काढणाऱ्यावरचा गुन्हा रद्द केला. तरी मोबाइल कोणाच्या तोंडासमोर नाचवू नका. उभा राहून छातीजवळ धरा, आणि फाइल लगेच घराबाहेरच्या कोणाला पाठवा, कारण तोच मोबाइल जप्त होऊ शकतो.

पंचनाम्यावर नजर

दमलेला माणूस इथेच ढिला पडतो. चार तास उलथापालथ झालेली असते, साहेब घाईत असतात, आणि पाच पानं पुढे सरकतात. वाचायला वेळ लागला तरी वाचा.

सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ खरी आहे का? वस्तू कुठल्या खोलीतून, कुठल्या कपाटातून, कोणाच्या हातून निघाली हे लिहिलंय का? रोकड असेल तर नोटा मूल्यानुसार मोजून: ५०० च्या किती, १०० च्या किती. दागिन्याचं वजन ग्रॅममध्ये, आणि ‘पिवळ्या धातूचे’ असं लिहिलं असेल तर हरकत नाही, पोलिस कसोटी लावल्याशिवाय सोनं लिहीत नाहीत. मोबाइल असेल तर मॉडेल, दोन्ही आयएमईआय नंबर, सिम आणि मेमरी कार्ड वेगळं. लॅपटॉपचा सिरियल नंबर. डेटा तिथेच कॉपी केला असेल तर हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटा नंतर बदलला का हे ओळखायचा कोड. प्रत्येक वस्तू तुमच्यासमोर सीलबंद होऊन लेबलवर पंचांच्या सह्या झाल्या का?

पासवर्ड मागितला तर ‘वकिलाशी बोलून सांगतो’ म्हणा. स्वतःविरुद्ध पुरावा देण्याच्या सक्तीपासून संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने संरक्षण दिलं आहे, पण पासवर्डबाबत उच्च न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत.

कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही नाही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही कायद्यानेच घ्यायची नसते, कलम १८१. यादीची प्रत मात्र तुमचा हक्क आहे, आणि ती विनामूल्य. पोच म्हणून सही मागितली तर मजकुराच्या शेवटच्या ओळीला लागूनच लिहा: ‘प्रत मिळाली. झडतीला माझी संमती नव्हती. मजकूर मान्य नाही.’ खाली तारीख, वेळ, सही. मध्ये मोकळी जागा राहिली तर तिरकी रेघ मारा.

ते निघाले की आठवणीतून सगळं लिहून काढा: नावपट्ट्या, बक्कल नंबर, गाडीचा क्रमांक, कोण काय म्हणालं. तासाभरात लिहिलेलं आणि आठवड्याने लिहिलेलं यात फार फरक पडतो.

त्यानंतर

सोसायटीच्या सचिवाला त्याच दिवशी लेखी पत्र द्या की जिन्याचं, लिफ्टचं, गेटचं फुटेज जपून ठेवा. हार्ड डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, आणि फुटेज मिळालं नाही असं म्हणण्यातलं निम्मं दुःख उशिराचं असतं. वॉचमनच्या रजिस्टरचा फोटो घ्या. मारहाण झाली असेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन जखमांची नोंद करून घ्या.

मग तक्रार. पोलिस आयुक्त किंवा जिल्हा पोलिस अधीक्षकांना ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. भावनेची वाक्यं कमी, वेळा आणि कलमं जास्त. कलम १८५ खालच्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेलेली असायला हवी, आणि अर्ज केल्यावर ती तुम्हाला फुकट मिळते. दारात केस डायरी दाखवायची सक्ती पोलिसांवर नाही, म्हणून कारणं खरंच आधी लिहिली होती का ते इथे कळतं. चित्रीकरण पाठवलं का, हेही याच अर्जात विचारा. ४८ तासांनंतरची तारीख, मोघम वस्तू-वर्णन किंवा गायब चित्रीकरण यांपैकी एक जरी सापडलं तरी वकिलाच्या हाती धागा लागतो.

महाराष्ट्र पोलिस अधिनियमाचं कलम १४७ फार कमी लोकांना ठाऊक असतं. कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणं किंवा झडती घेणं, हा तिथे पोलिसाचा स्वतंत्र गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद. पण त्याच अधिनियमाच्या कलम १६१ मुळे पदाच्या अधिकाराखाली केलेल्या कृतीविरुद्धची फिर्याद साधारण ६ महिन्यांत दाखल व्हावी लागते, त्यापुढे २ वर्षांपर्यंत राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. ‘आधी खात्याची चौकशी होऊ दे’ म्हणत थांबणारे इथे हमखास अडकतात. चौकशी आणि फिर्याद समांतर चालू द्या. राज्य पोलिस तक्रार प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार करता येते. गोव्यात हा अधिनियम लागू नाही, पण तिथेही राज्य पोलिस तक्रार प्राधिकरण आहे.

जप्त वस्तू लवकर हव्या असतील, विशेषतः कामाचा लॅपटॉप किंवा गाडी, तर मॅजिस्ट्रेटकडे सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करा, सोबत यादीची प्रत आणि खरेदीचं बिल जोडा. प्रवेशच घटनाबाह्य होता असा मुद्दा असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा यांच्या जोडीला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.